बाजू पलटेपर्यंत

संपादकांचा फोन आला. "काका, त्या काळच्या आवाजात जी ऊब होती ना, तिच्याबद्दल लिहा." ऊब होती हे अगदी खरं आहे. मी बांधलेल्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर माझी बायको मंदा पावसाळ्यात मुलांचे मोजे वाळत घालायची. एकदा एक मोजा जळलासुद्धा. त्यापलीकडे ऊब कुठे होती ते मला ठाऊक नाही. आवाजात तर नव्हतीच. आवाजात खरखर होती आणि ती घालवण्यात माझी उभी हयात गेली.

पण गेल्या वर्षी कांचन नावाच्या एका बाईनं मला एक प्रश्न विचारला. तिच्या हळदीत तिच्या आजीनं गायलेलं गाणं मी कॅसेटवर घेतलं होतं. त्यात एका जागी गाणं थांबतं. तिथे आजी थांबली होती की माझं मशीन? तिला हे स्वतःच्या मुलीच्या हळदीआधी कळायला हवं होतं. उत्तर जगात फक्त मला आणि मंदाला माहीत होतं आणि पस्तीस वर्षं मी ते पोटात ठेवलं होतं. हा लेख त्या उत्तराबद्दल आहे. मधूनमधून ऊब येईल, तेवढी संपादकांनी गोड मानून घ्यावी.

आधी धंदा काय होता ते सांगतो, कारण आता तो कुणालाच खरा वाटत नाही. लालबागला एका चाळीच्या जिन्याखाली माझं दुकान होतं. उभं राहिलं की डोकं वरच्या पायरीला लागायचं, म्हणून सगळा धंदा मी बसून केला. पाटीवर तीन ओळी होत्या: 'रेडिओ दुरुस्ती. अँप्लिफायर बांधून मिळेल. गाणी भरून मिळतील.' लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळायचा, पत्र्याचा डबा ओळखीच्या पत्रेवाल्याकडून ठोकून घ्यायचा आणि त्यावर रंगानं एखादं भारदस्त नाव लिहायचं. माझ्या अँप्लिफायरचं नाव 'सिंहगर्जना' होतं. बटण दाबलं की पहिली दोन मिनिटं तो खरोखरच गुरगुरायचा.

पण पोट चालायचं ते तिसऱ्या ओळीवर. तेव्हा माणसं कॅसेट 'रेकॉर्ड' करत नसत, 'भरून' घेत. दळण द्यावं तशी कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी देऊन जायची आणि दोन दिवसांनी न्यायला यायची. गिरगावातल्या एका रेकॉर्डच्या दुकानाशी माझं साटंलोटं होतं, तिथून तबकड्या उसन्या आणून मी गाणी उतरवायचो. ते कायद्यात बसत होतं की नाही, हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही कुणाला विचारायला गेलो नाही.

भरणं म्हणजे भरणंच हं. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, आणि त्यातलं अर्धं मिनिट जरी कोरं राहिलं तरी गिऱ्हाईक भांडायला उभं. नायगावच्या पोलीस लाइनीतले एक हवालदार होते. ते घरी घड्याळ लावून कॅसेट ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचे, "बी बाजूला चाळीस सेकंद मोकळी हायत. कुठं गेली?" जसं काही मी ती घरी नेऊन खाल्ली होती. म्हणून मी उरलेल्या जागेत काहीबाही भरायचो, अर्धं गाणं, सनईचा तुकडा, काहीच नसेल तर मीच गंभीर आवाजात बोलायचो, "ही कॅसेट लालबाग येथे काळजीपूर्वक भरलेली आहे." हवालदारांना हे फार आवडलं. पुढच्या चिठ्ठीत गाण्यांच्या खाली त्यांनी लिहिलं, "शेवटी तुमचं भाषण टाकणे."

तर अशी माझी ख्याती. बारशी, भजनं, मंडळाचे कार्यक्रम, कुठेही मशीन घेऊन मला बोलवायचे. मीही शर्टाची कॉलर ताठ करून सांगायचो, "माझ्या हातून एक शब्द सुटत नाही." ही बढाई पुढे चांगलीच अंगाशी आली.

कांचनची आजी मोतीबाय धवलारीण होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोळी लोकांच्या लग्नात विधी चालू असताना धवलारीण नावाची मानाची बाई गाणी गाते, त्यांना धवले म्हणतात. कागदावर काही लिहिलेलं नसतं, सगळं तोंडपाठ. आणि एकदा गाणं उचललं की ते पुरं होईपर्यंत थांबायचं नाही. मोतीबाय तेव्हा सत्तरीच्या पुढे होती. तिच्यामागे हे सगळं जाईल म्हणून घरच्यांनी नातीच्या हळदीत तिचं गाणं भरून घ्यायचं ठरवलं. मांडवात मोतीबायला नमस्कार करून मी म्हटलं, "आजी, तीस मिनिटांनी जरा थांबा हं, मला कॅसेट पलटायला लागेल."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "देव थांबंल का तुज्या कॅसेटीसाठी?"

झालं. मी माझं मशीन मांडवाच्या कोपऱ्यात स्टुलावर लावलं, माइक तिच्यापुढे टांगला, आणि गाणं सुरू झालं. काय आवाज होता! जाडा, समुद्रावरून हाक मारायची सवय असलेला. माझ्या मीटरची सुई दर ओळीला लाल पट्टीत जायची. सगळं झकास चाललं होतं. वीस मिनिटं झाली तेव्हा घरातल्या कुणीतरी माझ्यापुढे ताट आणून ठेवलं. ताजे बोंबील, रव्यात घोळून कुरकुरीत तळलेले, अजून तेल सोडत असलेले.

मी मालवणी माणूस. पुढचं काय सांगायचं?

पहिला खाल्ला तो चव बघायला. दुसरा खाल्ला तो पहिल्याची खात्री करायला. पाचव्यावर असताना मशीनमधून 'खट्' असा आवाज आला. बाजू संपली होती. आता माझा स्वतःचा एक कडक नियम होता, तेलकट हात मशीनला लावायचा नाही. एकदा का हेडवर तेल गेलं की पुढची सगळी रेकॉर्डिंग बोंबलली. म्हणून मी हात धुवायला धावलो. पिंपाशी बायकांची गर्दी. पाणी घेतलं, साबण मिळेना, राखेनं हात घासले, पुसायला काही नाही म्हणून स्वतःच्या सदऱ्याला पुसले, परत आलो, कॅसेट पलटली, बटण दाबलं. तोवर दोन-अडीच मिनिटं गेली होती. मोतीबाय अर्थातच थांबली नव्हती. ती गातच होती आणि समोर पाटावर बसलेली हळदीनं माखलेली नवरी ढसाढसा रडत होती.

गाणं संपल्यावर कांचनच्या बापानं विचारलं, "आला ना सगला?"

मी म्हटलं, "सगळं आलं. एक शब्द नाही गेला."

घरी येऊन मंदाला खरं सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "तुमका मासो दिसलो की यंत्र दिसणा नाय. उद्या जावा नि सांगा त्यांका." मी गेलो नाही. उलट त्याहून वाईट काम केलं. ए बाजूच्या शेवटी एक ओळ अर्धवट तुटली होती आणि बी बाजू दुसऱ्याच ओळीच्या मध्यावर सुरू होत होती. माझ्यासारख्या कारागिराला हे कसं खपावं? मी एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर कॅसेट उतरवली आणि ती अर्धी ओळ आवाज हळूहळू उतरवत नाहीशी केली. बी बाजूही पुढच्या पुऱ्या ओळीपासून सुरू केली. आता कुणीही ऐकलं तरी वाटावं, म्हातारीनंच शांतपणे गाणं थांबवलं, जरा दम घेतला आणि पुन्हा उचललं. या सफाईचा मला तेव्हा अभिमान वाटला होता, हे लिहिताना आज मला माझीच लाज वाटते. ती नक्कल मी घरच्यांना दिली आणि मूळ कॅसेटवर, तुम्ही ओळखलंच असेल, दुसऱ्या कुणाची तरी गाणी भरली. कोरी फीत वाया घालवणं आमच्या धर्मात नव्हतं.

दोन वर्षांत मोतीबाय गेली. मग सगळ्या कोळीवाड्यातून त्या कॅसेटच्या नकला मागायला बायका येऊ लागल्या. मीही भरून देत राहिलो. पुढे कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. चाळ पाडायला निघाली तेव्हा जिना गेला आणि जिन्याबरोबर दुकान गेलं. मी घरी बसलो आणि हा विषय संपला असं समजलो.

मग ईशान आला. हा मुलगा जन्मानं दादरचा. लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात त्यानं कॉफीचं दुकान काढलंय, जिथे लोक पैसे देऊन गप्प बसतात आणि रेकॉर्ड ऐकतात. बोलायला मनाई आहे, तशी पाटीच लावलीय. आमच्या चाळीत रेकॉर्ड लागली की सगळा मजला बोलायला लागायचा. त्याला कुणाकडून तरी माझं नाव कळलं आणि त्याचे अँप्लिफायर बघायला मी तिथे जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी एका मशीनमधला गुरगुराट मी अर्ध्या तासात काढून दाखवला. ईशानचं तोंड पडलं.

"काका, थोडा हम राहू द्या ना. त्याच्याशिवाय ऑथेंटिक नाही वाटत."

जो गुरगुराट काढायला मी आयुष्यभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या तो मी आता एक तार सैल करून परत घालून दिला. ईशाननं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "आह, वॉर्म." आमचे हवालदार आज असते तर त्यांनी याला आत टाकलं असतं.

तर या ईशाननं माझ्या घरातली जुनी खोकी धुंडाळताना मोतीबायच्या कॅसेटची नक्कल शोधून काढली. मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं तिचा कार्यक्रमसुद्धा ठेवला. मला पुढच्या रांगेत बसवलं. तीसचाळीस तरुण मुलंमुली मांडी घालून जमिनीवर. ए बाजू संपली. ईशाननं दोन्ही हातांनी, प्रसाद उचलावा तशी, कॅसेट उचलली, सावकाश पलटली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "हा जो थांबा आहे ना, हा रिच्युअल आहे. पिढ्यान्पिढ्यांची शांतता. प्लीज, फील करा." सगळ्यांनी डोळे मिटले. एका मुलीनं तर डोळे पुसले. पाच बोंबलांसाठी इतकी माणसं एका वेळी दुखवट्यात बसलेली मी प्रथमच पाहिली. हसू येत होतं आणि घामही फुटत होता.

कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी पुढे आली. तिचं नाव प्रणाली. समोरच्याच इमारतीत नोकरीला. म्हणाली, "ही माझ्या आईची हळद आहे. मोतीबाय माझी पणजी."

ईशान आनंदानं उडालाच. "मग तो थांबा? तुमच्याकडे अजून पाळतात?"

"हो मग! तिथे सगळ्या बायका थांबतातच. नवरीच्या आईला रडायला वेळ देतात. पहिल्यापासून तशीच रीत आहे."

मी कॉफीचा कप खाली ठेवला. म्हणजे ज्या बायका कॅसेट ऐकून ऐकून गाणं शिकल्या, त्या कॅसेटबरोबर थांबायलाही शिकल्या होत्या! कॅसेट पलटायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या थांबायच्या. आणि थांबायचं तर त्याला कारण हवं, म्हणून आईच्या रडण्याची रीत झाली.

प्रणालीनं घरी सांगितलं आणि दोनच दिवसांत कांचन माझ्या दारात उभी. आता पंचावन्न-छपन्नची, दादरच्या बाजारात मासे विकते. पाटी उतरवून थेट आली होती. मंदानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. पिशवीतून दोन पापलेटं काढून मंदाच्या हातात देत ती माझ्याकडे वळली.

"काका, मना खरं सांगा. आजी थांबलेली, का तुमची मशीन थांबलेली?"

मी म्हटलं, "का गं? इतक्या वर्षांनी?"

"पंधरा दिवसांनी प्रणालीची हलद हाय. माजी आत्या बोलते आजीच थांबलेली, तिथं थांबायचंच असतं. पन मना आठवतंय, आजीनं तवा माजं नाव घेऊन कायतरी गायलेलं. माज्यासाठी, सोता जुलवून. मी रडत होती, कानात काय शिरलंच नाय. मना वाटलं, काय घाई हाय, कॅसेटीत असंल. घरी येऊन लावली, तर नाय." तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. "पस्तीस वर्सं ती कॅसेट लावते काका. दर वेलेला वाटतं, आज येईल. आजी माज्यासाठी गायली का नाय, तेवढं सांगा. गायली असंल तर मना पन पोरीसाठी तसंच जुलवून गायचंय."

खोटं बोलणं सोपं होतं. 'आजी थांबली होती' एवढं म्हटलं की मी सुटलो असतो. पण मंदा हातातली पापलेटं तशीच धरून माझ्याकडे बघत उभी होती. ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याला मी लग्नापासून घाबरतो.

मी सगळं सांगितलं. ताट, तेल, पिंप, राख, सदरा. अर्धी ओळ पुसली तेसुद्धा. "तुझी आजी थांबली नव्हती, कांचन. गात होती. तुझं नावही घेतलं असेल. मी पिंपापाशी होतो, मला शब्द कळले नाहीत. आणि तुझ्या बाबांना मी खोटं सांगितलं."  खरंच सांगतो, आयुष्यात कुठल्याही कामाचं मला इतकं वाईट वाटलेलं नाही.

कांचननं पाण्याचा पेला खाली ठेवला. ती आता शिव्या देईल, निदान पापलेटं तरी परत मागेल, असं मला वाटलं. कोळणीच्या तोंडाची मला पूर्ण कल्पना आहे.

"म्हंजे गायलेली," ती म्हणाली.

"गायली होती."

तिनं पदरानं डोळे पुसले. मग उठली आणि दारात जाऊन वळली. "काका, आमच्या वाड्यात कुनाला बोलू नका हां. माजी काकी त्या थांब्यावर रडलीय. माजी बहीन रडलीय. थोरलीच्या वेलेला मी रडलीय. सासरी जानाऱ्या पोरीकडं नीट बघायला आयशीला तेवडाच वेल मिलतो. आता काय सांगू त्यांना, तुमी बोंबील खात होता म्हनून आपन रडलो?"

मग तुम्ही म्हणाल, हे सगळं इथे छापायला कसं दिलं? तिला विचारूनच दिलंय, नावंही बदललीत. ती म्हणाली, "लिवा खुशाल. आमच्यात दिवाली अंक कोन वाचतो? आनि वाचला तरी रडायची कोन बंद होनार नाय."

हळदीला मला आग्रहाचं बोलावणं आलं, मशीन घेऊन. मंदाही आली आणि मी काय खातो यावर नजर ठेवून माझ्या शेजारी बसली. ईशानही आला होता. त्याच्या माइकला मांजरासारखी केसाळ टोपी होती आणि पोरं दर पाच मिनिटांनी येऊन ती कुरवाळून जात होती. मांडवात किमान पन्नास फोन वर धरलेले. त्या गर्दीत कॅसेट घेऊन बसलेला मी एकटाच, आणि लोक माझ्या मशीनबरोबर सेल्फी काढत होते. एकानं तर मला विचारलं, "काका, हे चालतं की नुसतं डेकोरेशन?"

गाणं सुरू झालं. मोतीबायच्या मानानं या बायकांचे आवाज कोवळे, पण चाल तीच. कांचन पुढे होती, तीच उचलायची आणि बाकीच्या मागून म्हणायच्या. पाटावर प्रणाली, सगळी पिवळी. मी मीटरवरची नजर हलवली नाही. गाणं त्या जागेपाशी आलं, ती ओळ पुरी झाली आणि सगळ्या बायका एकदम थांबल्या. ईशाननं आपल्या माइकवाल्याला हात वर करून खूण केली, की आता आली ती शांतता.

कांचन पुढे झाली. लेकीच्या गालाला गाल लावला आणि तिच्या कानात काहीतरी म्हणू लागली. गात होती की बोलत होती, कळलं नाही. ओठ मात्र हलत होते, तालात. प्रणालीनं डोळे मिटून घेतले. माझा माइक त्या दोघींपासून हातभर अंतरावर टांगलेला होता आणि माझ्या मीटरची सुई किंचित थरथरायला लागली होती. आवाज जरा चढवला असता तर शब्द न् शब्द आला असता. या वेळी माझे हात स्वच्छ होते.

मी पॉजचं बटण दाबलं.

मंदानं ते पाहिलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. कांचन मागे सरली, तिनं पुढची ओळ उचलली, तेव्हा मी बटण सोडलं.

जेवताना ती स्वतः वाढायला आली. माझ्याच्यानं राहवेना. हळूच विचारलं, "काय म्हणालीस गं तिच्या कानात?"

कांचननं माझ्या ताटात मासा वाढला. "मना मिलालं नाय ते माज्या पोरीला मिलालं, काका," ती म्हणाली. "तुमाला कशाला पायजे?"